जीपला काही झालं नाही

माझ्या मोठ्या भावाच्या जीपला एका वर्षात तीन अपघात झाले आणि तिन्ही तिने जिंकले.

जिंकले, असंच आमच्याकडे म्हणत. पहिला अपघात बैलगाडीशी झाला. गाडीचं चाक निखळलं, बैल सुटून सरळ घरी जाऊन गोठ्यात उभे राहिले आणि जीपच्या बंपरवर उमटली ती फक्त वंगणाची एक काळी रेघ. दुसरा शेलूबाजारच्या स्टँडजवळच्या कडुनिंबाशी. त्यात कडुनिंबाची साल गेली. तिसरा एका कुडाच्या भिंतीशी. भिंत आडवी झाली, आत एक म्हातारबा जेवायला बसलेले होते, ते ताट हातात घेऊन उभे राहिले आणि माझ्या भावाला म्हणाले, "आलाच हायेस तं बस जेवाले."

या तीन विजयांत माझ्या भावाचा समोरचा एक दात, डाव्या बाजूची एक बरगडी आणि कपाळावरचे तीन टाके एवढा खर्च झाला. त्याची बातमी होत नसे. दर वेळी लोक जमायचे, जीपभोवती एक फेरी मारायचे, कोणीतरी मडकं घेताना वाजवून पाहतात तसं मडगार्ड बोटाने वाजवायचा आणि म्हणायचा, "जीपले काई नाई झालं." मग झेंडूची माळ यायची आणि हेडलाइटला अडकवली जायची. भाऊ तोंडाला रुमाल लावून बाजूला उभा असायचा, आणि खरं सांगायचं तर त्यालाही अभिमानच वाटत असायचा.

जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. महायुद्धातली, लष्कराच्या लिलावातून तीन-चार हात फिरून भावाकडे आलेली. शेलूबाजार ते आसेगाव अशा तिच्या फेऱ्या चालत, पुढे दोन, मागे देव जाणे किती. समोर, डॅशबोर्डच्या जागी, नुसती लोखंडी पाटी. स्टिअरिंगचा दांडा सरळ, भाल्यासारखा, ड्रायव्हरच्या छातीवर नेम धरलेला. बाजूला बसणाऱ्याला धरायला पाटीवर एक लोखंडी नळी, बरोबर पोटाच्या उंचीला. ही नळी लक्षात ठेवा, कारण मी ती विसरू शकत नव्हतो.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचं साल असेल. दुष्काळ सरून कपाशी पुन्हा मांडीला लागायला लागली होती. मी अठरा वर्षांचा होतो आणि मला प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं. आमचे बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. छप्पन साली आमच्या घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात पत्रकं आली. सभेची, परिषदेची, मोर्चाची, कोणाच्या तरी निषेधाची. बाबांनी मला अक्षरओळख अंकलिपीतून न देता त्या पत्रकांवरून दिली. म्हणून 'कमळ' वाचायच्या आधी मी 'बंधुभगिनींनो' वाचायला शिकलो. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. कागदाच्या एका पानात माणसाला ताठ उभं करता येतं, हे मी फार लहानपणी पाहिलं.

त्या वर्षी आसेगावच्या वळणावर पाटबंधारे खात्याच्या एका साहेबांची कोरी मोटार बाभळीवर आदळली. मी सायकलने मागेच होतो. मोटारीचं नाक असं चुरगळलं की जणू कोणी कागदाचा बोळा करून फेकलाय. काचा सगळ्या खाली. मी सायकल टाकून धावलो, तर साहेब दार उघडून बाहेर आले, वाकले आणि गवतात चष्मा शोधू लागले. मी चष्मा दिला. त्यांनी तो पुसला, डोळ्यांवर चढवला, मोटारीकडे पाहिलं आणि फार दुःखी झाले. अंगावर ओरखडा नव्हता.

संध्याकाळपर्यंत सगळं गाव त्या मोटारीला हसत होतं.

"पत्र्याचा डब्बा हाय तो. बाभूळ शिवली अन् बसला."

"आपली जीप असती तं बाभूळच उपटून आली असती."

"साहेब वाचला," मी म्हणालो.

"तो वाचला, पण गाडी गेली ना."

तिथे माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. वाशीमच्या वाचनालयात एका मासिकात मी वाचलं होतं की परदेशात आता मोटारीचं नाक मुद्दाम नरम ठेवतात, म्हणजे धक्का मोटारीनेच पिऊन टाकावा, माणसापर्यंत येऊ देऊ नये. दांडा छातीत घुसण्याऐवजी आत दुमडेल असा करतात. आणि माणसाला पट्ट्याने सीटला बांधतात. साहेबांच्या मोटारीत असं काही मुद्दाम केलेलं होतं की नुसताच पत्रा पातळ होता, हे मला माहीत नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. मला विषय मिळाला होता. गाडीने मरावं आणि माणसाने जगावं, इतकी साधी, इतकी न्यायाची गोष्ट, आणि आमच्याकडे माळ घालतात ती लोखंडाला. रात्रभर मला झोप आली नाही. आनंदाने आली नाही.

दोन दिवसांत पत्रक तयार. शाळेच्या सायक्लोस्टाइलवर बाबांनीच काढून दिलं, वर "शुद्धलेखन पाहून घे" एवढंच म्हणाले. मथळा होता: "लोखंड वाचवायचं की माणूस?" खाली मी लिहिलं होतं: "ज्या गाडीला खरचटत नाही ती गाडी धक्का कोणाला देते? बंधुभगिनींनो, तो तुमच्या छातीला देते. जुन्या गाड्या सरंजामदार आहेत. त्या स्वतः वाकत नाहीत, आपल्याला मोडतात." सरंजामदार हा शब्द मला अतिशय आवडला होता. मी तो पत्रकात चार वेळा घातला.

बाजाराच्या दिवशी मी शेलूबाजारला उभा राहून शंभर पत्रकं वाटली. अर्ध्या तासात बघतो तर भज्यांच्या गाड्यावर सरंजामदारांवर भजी निथळत होती. मी नाउमेद झालो नाही. भजी खाऊन झाल्यावर लोक कागद वाचतात, हा माझा अनुभव होता. आणि ते वाचतच भावाच्या जीपमध्ये चढले.

रात्री भाऊ जेवायला बसला आणि म्हणाला, "आज माह्या गाडीत बारा माणसं माह्याच गाडीच्या विरोधातलं वाचून राह्यले होते."

"मग उतरले का?" मी विचारलं.

"उतरतात कायले? वाचून झाल्यावर एक जण म्हणे, जरा जोरात घे बावा, पाहू खरंच लागते का."

वहिनी भाकरी थापता थापता इतकी हसली की तिला हात टेकून बसावं लागलं. तिला सातवा महिना होता. पहिलंच बाळंतपण, ते माहेरी, कामरगावला व्हायचं होतं, आणि तिच्या आईचा दोनदा निरोप येऊन गेला होता. एस.टी.ने जायचं तर कारंजाला बदलायचं, स्टँडवर ताटकळायचं. तेव्हा भावाने ठरवून टाकलं होतं: जीपने नेईन, पुढच्या सीटवर, राणीसारखी.

पुढच्या सीटवर. त्या लोखंडी नळीसमोर.

त्या क्षणी माझा मुद्दा मुद्दा राहिला नाही. मी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मला फक्त नळी दिसायला लागली. मी म्हणालो, "दादा, वहिनीला या गाडीतून नेऊ नको."

"मंग काय तुह्या पत्रकावर बसवून नेऊ?"

"तू साहेबांची मोटार पाहिली नाहीस का?"

"पाह्यली ना. भंगारवाला बी पाहून गेला."

शब्दांनी भाऊ हलणार नव्हता. म्हणून मी प्रयोग करायचं ठरवलं, आणि तोही सगळ्यांसमोर. आमच्या वस्तीबाहेर नाल्याकडे जाणारा एक उतार आहे, खाली दगडी पुलाची भिंत. बेरिंगची चाकं लावलेली एक फळी होती, पोरं त्यावर बसून घसरायची. ती मी मागून आणली. जीपचाच हत्यारांचा लोखंडी डबा घेतला, ती झाली जुनी गाडी. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याच्या पुढच्या अर्ध्या भागात वाळक्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या कोंबल्या, ती नवी गाडी. आणि प्रवासी म्हणून अंडी.

रविवारी सकाळी अर्धं गाव उतारावर होतं. माझं भाषण मोठं झालं, कारण मी ते तयार केलं होतं. त्यात सरंजामदार आले. एक म्हातारी मधेच म्हणाली, "बाळा, कोंबडीची माया आटायच्या आधी सोड ना ते अंडं."

मी लोखंडी डबा सोडला. फळी खडखडत गेली, भिंतीवर आदळली, असा आवाज झाला की नाल्यातले बगळे उडाले. डब्याला पोचासुद्धा नाही. झाकण उघडलं तर आत बलक. मग पत्र्याचा डबा सोडला. तो आदळला, त्याचं तोंड पोटात गेलं, काड्या चहूकडे उडाल्या. मी हात घातला आणि अंडं वर धरलं. अखंड, पांढरं, उन्हात चमकणारं. मला आयुष्यात कधी एवढा आनंद झाला नव्हता. मी अक्षरशः नाचलो.

लोकांनी डबा पाहिला.

"चांगला डब्बा होता," एक जण म्हणाला. "दळण ठेवाच्या कामाचा."

"लोखंडाचा पाह्य मात्र. जसाच्या तसा."

मी अंडं त्यांच्या तोंडासमोर धरत फिरलो. "हे पाहा. याच्याकडे पाहा." भाऊ पुढे आला, त्याने पत्र्याच्या डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "हे अंडं तं तुनं फडक्यानं मागं बांधून ठेवलं होतं बे. लोखंडाच्या डब्यातलं मोकळं होतं. हे लबाडी हाय."

मी अंडं खाली घेतलं. कारण ते खरं होतं. पत्र्याच्या डब्यात काड्यांमुळे अंडं घरंगळत होतं, म्हणून मी ते मागच्या बाजूला फडक्याने आवळून बांधलं होतं. लबाडी करायची म्हणून केली नव्हती, पण केली होती. सगळा उतार हसू लागला. पत्रकात खोटं लिहिलेलं पकडलं जावं, तसे माझे कान तापले.

तेव्हा वहिनी, जी एका दगडावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती, म्हणाली, "मंग लोखंडाच्या डब्यात बी बांधून पाह्यजा ना, भाऊजी."

"त्यानं काय होईल?" भाऊ म्हणाला.

"ते पाह्यल्यावर समजन ना."

तिसरं अंडं लोखंडी डब्यात बांधलं, तेच फडकं, तशीच गाठ. फळी सोडली. आदळली. मी झाकण उघडायला घाबरलो, म्हणून वहिनीच उठून आली, एक हात कमरेवर ठेवून, आणि तिने उघडलं. अंड्याला केसाएवढा एक तडा गेला होता. बलक आतच होता.

म्हणजे माझं पत्रक अर्धं बरोबर होतं. नाक नरम पाहिजे हे खरंच, पण जुन्या गाडीचं नाक आम्ही नरम करू शकत नव्हतो. बांधू मात्र शकत होतो. हे मला चार पानं वाचून समजलं नव्हतं. तिला एका अंड्यावरून समजलं. तिने ते अंडं फडक्यासकट उचललं, घरी नेलं, पोळून खाल्लं आणि दुपारी बाबांची खाट उलटी करून तिची निवार सोडायला बसली.

निवार म्हणजे खाटेची रुंद सुती पट्टी. चांगली तळहाताएवढी रुंद, माणसाचं वजन वर्षानुवर्षं पेलणारी. बाबा शाळेतून आले तेव्हा खाटेच्या जागी लाकडाची चौकट होती. त्यांनी विचारलं, "हे काय?" वहिनी म्हणाली, "चळवळ हाय, मामंजी." बाबांनी सतरंजी काढली आणि जमिनीवर पसरली.

तिने निवारीचे तीन थर एकावर एक ठेवून गोधडीच्या टाक्याने शिवले. मी म्हणालो, मासिकातल्या चित्रात पट्टा असा आडवा होता, पोटावरून. ती म्हणाली, "चित्रातल्या माणसाच्या पोटात कोणी नव्हतं." आणि एक पट्टी मांड्यांवरून, पोटाच्या पार खालून, दुसरी खांद्यावरून छातीच्या मधून, अशी तिने स्वतः बसून बसून मापं घेतली. सीटचे खालचे बोल्ट खोलून त्यात पट्टीची टोकं लोखंडी चकत्यांखाली दाबायची, एवढंच काम भावाचं होतं. त्याने पाना खाली ठेवला.

"माही बायको गाडीत बांधून नेऊ का मी? लोक म्हणतील, पळून जाऊन राह्यली होती म्हणून बांधली."

"म्हणू दे."

"म्हणतील, याचाच याच्या हातावर भरोसा नाई."

"तुमच्या हातावर माहा भरोसा हाय," ती म्हणाली. "समोरच्या म्हशीवर नाई. बांधाचं नसन तं मी जात नाई. इथंच बाळंत होतो."

भावाने पाना उचलला. सासूला काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न त्याला लोकांपेक्षा मोठा होता.

निघालो तेव्हा पोरं जीपमागे धावत ओरडत होती, "बांधली रे बांधली." वहिनी हात हलवत होती. मला तर वाटत होतं की ही मिरवणूक आहे आणि आपण जिंकून चाललोय. मी मागे बसलो नव्हतो, दोन सीटच्या मधे उभा होतो, नळीला धरून, म्हणजे भावाच्या कानापाशी तोंड राहील. मी त्याला वेगाबद्दल सांगत होतो. रस्त्याच्या चुकांबद्दल, सरकारबद्दल, परदेशातल्या दुमडणाऱ्या दांड्याबद्दल. कारंजा मागे गेलं. दोन्हीकडे कपाशी फुटली होती, सगळं रान पांढरं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, खाली बसा." मी म्हणालो, "एक मुद्दा सांगतो आणि बसतो."

कामरगाव दोन मैलांवर राहिलं असेल. बांधावरून म्हशी आल्या. एक नाही, सात-आठ. भावाने ब्रेक मारला, जीप आडवी फिरली, रस्ता सोडून खाली उतरली आणि मोरीच्या दगडी कठड्यावर थांबली.

थांबली ती जीप. मी थांबलो नाही. माझं तोंड लोखंडी पाटीवर गेलं. एवढं मला आठवतं की आवाज माझ्याच डोक्याच्या आतून आला.

मग शांत झालं. म्हशी रवंथ करत पाहत होत्या. भाऊ स्टिअरिंगवर छाती धरून वाकला होता, पण डोळे त्याचे बाजूला होते. वहिनी सीटमध्ये सरळ बसली होती. निवार खांद्यावर ताणली गेली होती आणि तिच्या पोटापासून ती नळी वीतभर लांब होती. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले होते. भाऊ म्हणाला, "काय व?" तिने बोलू नका अशी खूण केली. भावाने पुन्हा विचारलं, "काय व, बोल ना." त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. इंजिनमधून पाणी ठिबकत होतं. ते थेंब मी मोजू शकलो असतो.

"लात मारली," ती म्हणाली. "आता पुन्हा मारली. लय रागावलं हाय."

आणि आम्ही तिघंही हसायला लागलो. भाऊ बरगडी धरून, वहिनी पोट धरून, मी तोंड धरून, बोटांतून रक्त आणि ओंजळीत माझाच दात. थांबताच येईना. शेतातून कापूस वेचणाऱ्या बाया आणि दोन गडी धावत आले, तर त्यांना वाटलं आमच्या डोक्याला मार बसलाय.

गड्यांनी जीपभोवती फेरी मारली. एकाने बंपर वाजवला. "काई नाई झालं," तो कौतुकाने म्हणाला. "जुनं लोखंड हाय."

मी उसळलो. आयुष्यभराची तयारी माझ्याकडे होती, आणि माझ्या तोंडातून फक्त "फफ" एवढंच आलं. मी पुन्हा प्रयत्न केला. गडी म्हणाला, "पाणी पाजा याले."

तेव्हा वहिनी, अजून सीटला बांधलेलीच, बोलायला लागली. "हे पाहा भाऊ. जीपले काई नाई झालं, खरं हाय. माह्या दिराचा दात गेला, तो कोणं पाडला? जीपनंच. मी इथं बसली, मले काहून नाई लागलं? हे पट्टी पाहा. खाटेची हाय. तुमच्या घरी हाय का खाट?" बाया जवळ आल्या, निवार हातात धरून पाहू लागल्या, ओढून पाहू लागल्या. एकीने टाका पाहिला आणि विचारलं, किती पदरी केली बाई. वहिनीने सांगितलं. माझ्या शंभर पत्रकांनी जे ऐकवलं नव्हतं, ते त्या मोरीपाशी आठ बाया कान देऊन ऐकत होत्या, आणि मी खाली बसून गड्याने दिलेल्या फडक्यात गुंडाळलेला ओला कापूस तोंडात दाबून माना डोलावत होतो.

आम्ही तिला कामरगावला पोचवलं. तिच्या आईने मला पाहिलं आणि आधी माझ्याच तोंडावर हळद लावली. मला पंधरा दिवस भाषण करता आलं नाही. घरच्यांनी त्या काळाची फार चांगली आठवण ठेवली आहे.

पावणेदोन महिन्यांनी एस.टी.च्या कंडक्टरकडून चिठ्ठी आली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. भाऊ फेरी अर्धी टाकून घरी आला, चिठ्ठी तीनदा वाचून घेतली आणि मला म्हणाला, चल. मला वाटलं पेढे. तो शेलूबाजारच्या दोरी-निवारीच्या दुकानात शिरला.

"नवी निवार दाखवा," तो म्हणाला.

"खाट केवढी हाय?" दुकानदाराने विचारलं.

भावाने त्याच्या हातातून गुंडाळी घेतली, एक टोक आपल्या खांद्यावर ठेवलं, ते दाब म्हणून मला सांगितलं, आणि भर बाजारात, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, उरलेली पट्टी मोडलेल्या बरगडीवरून खाली कमरेपर्यंत ओढत नेली.

"माह्याएवढी," तो म्हणाला.